मदत हवी आहे: कट्ट्यावरची माणसं न विचारता कशी नोंदवावी?

नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्रात एम.ए. करतेय. शिवाजी पार्कचा कट्टा बायका कधी आणि किती वेळ वापरतात, हा प्रबंधाचा विषय. प्रश्नावली पुढे केली की माणसं सावरून बसतात आणि ऐकायला बरं वाटेल तेच सांगतात. म्हणून कोणालाही न अडवता माहिती गोळा करायची आहे.

१९६६ साली संशोधक यूजीन वेब आणि सहकाऱ्यांनी दिलेलं शिकागोच्या संग्रहालयाचं उदाहरण काहींना ठाऊक असेल. अंड्यातून पिल्लं बाहेर येताना दिसायची, तिथल्या फरश्या साधारण ६ आठवड्यांनी बदलाव्या लागत. इतर ठिकाणच्या वर्षानुवर्षं टिकत. म्हणजे कोणालाही न विचारता, फरशीच्या झिजेवरूनच लोक कुठे जास्त थांबतात ते कळायचं. कट्ट्यावर मात्र अशा खुणा टिकत नाहीत; शेंगांची टरफलं, बसायला घेतलेले पेपर, कुल्फीच्या काड्या, सगळं झाडू फिरला की साफ. शिवाय टरफलांवरून बाई बसली होती की पुरुष, हे कसं कळणार? भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पाच मिनिटं टेकणारी बाई तर काहीच खूण ठेवत नाही, आणि मला नेमकी तीच महत्त्वाची वाटते.

त्यामुळे दर अर्ध्या तासाने फेरी मारून डोकी मोजायचा विचार आहे. फोटो काढणार नाही, हे पक्कं. नोंदीसाठी सुटसुटीत तक्ता कोणी वापरलाय का? एकच भाग दोघींनी स्वतंत्रपणे मोजला, तर आकडे कितपत जुळायला हवेत? आणि सार्वजनिक जागेत संमतीशिवाय केलेली मोजणी नैतिकता समितीच्या अर्जात कशी मांडावी? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.