खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मासा अचानक दिसेनासा झाला: तुमचे अनुभव सांगा

ठाण्यात आमच्याकडे 3 फुटी, साधारण 190 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. एके दिवशी सकाळी खाणं टाकलं तेव्हा पाच मासे वर आले, सहावा आलाच नाही. शेपटीकडे लालबुंद होत जाणारा, पाठीवरचा पांढरा तुरा सारखा हलवणारा फायरफिश. आई रोज त्याच्याशी बोलायची. मेला असता तर तरंगताना किंवा तळाशी दिसला असता. दगडांमागे बॅटरी मारून पाहिलं, पाण्यातला अमोनिया तपासला (मासा कुजला तर तो वाढतो), तो शून्य. टाकीवर काच आहे, मागे फक्त वायरी आणि नळ्यांपुरती फट. चार दिवस झाले. असं कुणाकडे झालं असेल तर सविस्तर लिहा. मासा कुठे सापडला, किंवा सापडलाच नाही, तेही सांगा.

डोंबिवलीहून

दादा, फायरफिश म्हणताय तर आधी जमीन बघा. हा मासा घाबरला की वर उसळी मारतो. दिवा एकदम लागला, मोठ्या माशाने हुसकावलं, एवढंही त्याला पुरतं. माझा स्टँडच्या मागे, भिंतीलगत सापडला, सुकटीसारखा वाळलेला. मीही 'काच आहे की' म्हणत राहिलो होतो, पण दोन बोटांची फट त्याला पुष्कळ होते. आता काच काढून बारीक भोकांची जाळी फ्रेमवर ताणून बसवली आहे. हवाही खेळती राहते.

पुण्याहून

माझा अनुभव थोडा दिलासा देणारा. पिवळा कोरिस रास नावाचा मासा आणला, टाकीत सोडला आणि मिनिटाभरात वाळूत घुसला. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. वाळू उपसायची तयारी केली होती, पण एका अनुभवी काकांनी अडवलं. सहाव्या दिवशी दुपारी आपणहून बाहेर आला आणि खायला लागला! ही जात रात्री वाळूतच झोपते. प्रवासाने बिथरली तर दिवसचे दिवस आतच राहते. अशा वेळी वाळूला हात लावू नये, मासा जखमी होतो. अर्थात फायरफिश वाळूत जात नाही, तो दगडाच्या बिळात शिरतो.

न्यू जर्सीहून

आमच्याकडे दोन महिन्यांत तीन मासे गेले. आधी क्रोमिस, मग गोबी, मग क्लाऊनफिश. एकाचंही शव मिळालं नाही. रात्री टाकीतून टक्‌ टक्‌ आवाज यायचा. मला वाटायचं हीटर काचेवर आपटतोय. शेवटी दिवे घालवून तासानंतर लाल प्रकाशात बसलो (लाल उजेडाला हे निशाचर प्राणी फारसे बुजत नाहीत) तेव्हा दगडाच्या भोकातून दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरताना दिसले. मॅन्टिस श्रिम्प, कोळंबीसारखा दिसणारा शिकारी प्राणी! समुद्रातून काढलेल्या 'जिवंत खडकात', म्हणजे जीवजंतू वसलेल्या दगडात, लपून आला होता. तो दगडच उचलून बादलीत ठेवला. प्राणी मारवला नाही, आता खालच्या सम्पमध्ये (पाणी गाळायच्या जोडटाकीत) एकटा राहतो, कोळंबी खातो.

याहून मोठं उदाहरण इंग्लंडमधल्या न्यूकी गावच्या सार्वजनिक मत्स्यालयाचं. 2009 साली तिथे प्रवाळ कुरतडलेले आणि मासे जखमी होत होते. खडक एकेक करून बाहेर काढले तेव्हा जवळजवळ 4 फूट लांबीचा समुद्री किडा निघाला. दिवसा तो दगडात आणि वाळूत दडून राहायचा.

मूळ लेखक, ठाणे

माझे दगड कृत्रिम, कोरडे आणलेले आहेत, त्यामुळे ती शक्यता कमी. भारतातल्या मित्रांना एक आवर्जून सांगतो: 2001 पासून आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड विकत असेल तर घेऊ नका.

पणजीहून

सम्प पाहिलात का? आमचा क्लाऊनफिश ओव्हरफ्लोच्या (जिथून जास्तीचं पाणी सम्पमध्ये उतरतं) दातेरी कडेवरून गेला, नळीतून खाली उतरला आणि तीन आठवडे स्किमरच्या (फेसातून मळ काढणाऱ्या यंत्राच्या) पंपाजवळ जिवंत होता. खाली वाहून येणाऱ्या खाण्यावर जगला.

नाशिकहून

दुकानदाराने 'तळ साफ ठेवतो' म्हणून हिरवा ब्रिटल स्टार (तारामाशासारखा लांब हातांचा प्राणी) दिला. लहान असताना खरंच साफ ठेवायचा. मोठा झाल्यावर रात्री पाच हातांवर अंग उचलून उभा राहायला लागला, खाली छोटी गुहा तयार व्हायची. झोपायला आडोसा शोधणारा मासा त्या गुहेत शिरला की हात पीळ देऊन मिटायचे. मी हे एकदाच पाहिलं, तेवढं पुरे झालं. त्याआधी मी उगाच खेकड्यावर आळ घेतला होता.

मुंबईहून

माझं म्हणणं जरा वेगळं आहे आणि कळकळीने सांगतेय. बहुतेक वेळा कुणी शिकारी नसतो. मासा आजाराने रात्री मरतो आणि ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडे), नासारियस गोगलगायी, हर्मिट खेकडे सकाळपर्यंत त्याचा मागमूस ठेवत नाहीत. मी सकाळी ते किडे पाहिले, त्यांनाच मारेकरी समजले आणि आठवडाभर सापळे लावत बसले. तेवढ्यात उरलेल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले आणि आणखी दोन गेले. एक मासा गायब झाला की आधी बाकीच्यांकडे पाहा. श्वास जोरात चाललाय का, अंग दगडाला घासताहेत का, खाताहेत का. किडे तर सफाई कामगार आहेत.

मूळ लेखक, ठाणे

सगळ्यांचे आभार. पणजीचं वाचून रात्रीच सम्प आणि ओव्हरफ्लो रिकामा केला, तिथे नव्हता. ताई, बाकीचे पाच नीट खाताहेत, अंगावर ठिपके नाहीत. आज सकाळी इन्व्हर्टरची बॅटरी सरकवली तर तिच्या मागे मिळाला. फटीपासून हातभर अंतरावर. आईने त्याला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. जाळीच्या फ्रेमचं माप घेतलंय, मागची बाजू वायरींपुरतीच कापायची आहे. डोंबिवलीकर, नळ्यांच्या भोवती उरलेली जागा तुम्ही कशाने बंद केलीत, तेवढं कळवा.