शब्दचर्चा: गाडीवरच्या 'फ्लेम्स' आणि 'पिनस्ट्रायपिंग'ला काय म्हणायचं?

मिशिगनकर:
मंडळी जरा मदत करा. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जुन्या अमेरिकन पिकअपच्या रंगकामावर लिहितोय. गाडी १९५६ची फोर्ड एफ-१००, म्हणजे जिची पुढची काच दोन्ही कडांना वळलेली असते ती, काळी कुळकुळीत, आणि बॉनेटच्या नाकापासून निघून मडगार्डवरनं दारापर्यंत गेलेल्या पिवळ्या-नारिंगी फ्लेम्स, त्यांच्या कडेकडेनं फिकट निळी बारीक पिनस्ट्राइप. काम करणारे गृहस्थ ओळखीचे आहेत त्यामुळे बाजूला उभं राहून सगळं बघता येतं, पण लिहायला बसलं की एका वाक्यात चार इंग्रजी शब्द. फ्लेम्स, पिनस्ट्राइप, आणि फ्लेमच्या एकेका शेपटीला हे लोक 'लिक' म्हणतात ते, एवढं तरी मराठीत हवंय. आमच्या सासूबाईंना एका वाचनात कळलं पाहिजे ही अट.

शुद्धमती:
ज्वाला, सूक्ष्मरेषांकन, ज्वालाग्र. पिकअप = लघुमालवाहू.

पत्र्याचा_माणूस:
सूक्ष्मरेषांकन वाचून ब्रश जागेवर वाळला हो ताई 😀 आणि लघुमालवाहू म्हटलं की डोळ्यासमोर छोटा हत्ती येतो.

आमचं घराणं ट्रक बॉडीच्या धंद्यातलं, कोल्हापूरकडचं, तर जे कानावर पडत मोठा झालो ते सांगतो. तिथं शब्द एकच, रेघ. आणि क्रियापद बघा, रंग 'मारतात', गन (रंग फवारायची) मारतात, पण रेघ 'ओढतात'. हे उगीच नाही. गन अंगापासून लांब धरून फिरवायची, रेघेचा ब्रश अंगाकडं खेचत आणायचा. पिनस्ट्रायपिंगचा ब्रश तलवारीच्या पात्यासारखा तिरका कापलेला असतो, मूठ बोटभर आणि केस लांबलचक, खारीचे, त्यामुळं पोटात भरपूर रंग राहतो आणि ब्रश न उचलता लांबच्या लांब रेघ येते. करंगळी पत्र्यावर टेकवायची, मनगट फारसं हलवायचं नाही, माणूसच मागं सरकतो. या धंद्यात खारीचा वाटा शब्दशः आहे म्हणा ना.

तेव्हा 'निळी रेघ ओढली' लिहा, सासूबाईंना कळेल. 'रेघोटी' मात्र चुकूनही नको, रेघोट्या पोरं भिंतीवर ओढतात, कारागिरानं ऐकलं तर अपमान. 'पट्टी' पण नको, गॅरेजमधे पट्टी म्हणजे दाराला लावायची क्रोमची किंवा रबराची. 'पट्टा' चालतो पण तो चांगला चार बोटं रुंद.

अजून एक, तिकडं ज्या टेपनं फ्लेमचा आकार काढतात ती एक अष्टमांश इंच असते ना? आपल्या सुतारांच्या नि फॅब्रिकेशनवाल्यांच्या भाषेत ते झालं बरोब्बर एक सूत. आठ सूत म्हणजे इंच. लेखात 'एक सुताची टेप' बिनधास्त लिहा, फक्त 'सुती टेप' लिहू नका नाहीतर लोक म्हणतील कापसाची.

काठपदर:
रेघ मान्य, पण एकच शब्द सगळीकडे चालणार नाही असं मला वाटतं. मिशिगनकर म्हणतात ती निळी रेघ ज्वाळेच्या कडेनं धावतेय, तिचं काम वेगळं आहे. टेप काढली की दोन रंगांच्या मधे एक उंबरा राहतो, नख फिरवलं तर लागतो, ती कड झाकायला आणि दोन रंग एकमेकांपासून सोडवायला ती असते. याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, किनार. साडीत बघा, रुंद आणि भरजरी तो काठ, बारीक ती किनार. 'काळ्या बॉनेटवर नारिंगी ज्वाळा आणि त्यांना निळी किनार', यात समजावून सांगण्यासारखं काही उरतच नाही.

पण पिनस्ट्रायपिंगचा दुसरा प्रकार आहे तो कशाचीच कड नसतो. बॉनेटच्या मधोमध किंवा मागच्या फाळक्यावर डावी-उजवी सारखी, एकमेकांत गुंतलेली वळणं, त्याला किनार कसं म्हणणार? ती वेगळी कला आहे. गाड्यांच्या आधी घोड्यांच्या बग्ग्यांवर अशा रेघा असायच्या, मग मोटारी आल्या तेव्हा त्यांच्यावर कारखान्यातच हातानं ओढायचे, पण त्या सगळ्या पत्र्याच्या वळणाला धरून, शहाण्यासारख्या. पुढे कारखान्यांनी ते बंद केलं आणि १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसकडे केनेथ हॉवर्ड नावाच्या माणसानं, जो व्हॉन डच या नावानं प्रसिद्ध झाला, रेघेला पत्र्याच्या वळणातून मोकळं केलं, मनाला येईल तशी फिरवली. हॉट रॉडवाल्यांना, म्हणजे जुन्या गाड्या हौसेनं बदलून वेगवान करणाऱ्यांना, तेच आवडलं. या मोकळ्या प्रकाराला मी 'रेघकाम' म्हणेन, जरीकाम-वेलबुट्टीकामच्या चालीवर.

पत्र्याचा_माणूस:
किनार आणि रेघकाम, दोन्ही एकदम पटलं काठपदरताई, मी माझा हट्ट सोडतो (अर्धा).

हातानं ओढायचं म्हणाल तर फार लांब जायला नको, रॉयल एनफील्डच्या काही मॉडेलच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा चेन्नईच्या कारखान्यात हातानंच ओढल्या जायच्या, टेप नाही स्टिकर नाही.

उकडीचा_मोदक:
ज्वालाग्र हा शब्द मला मुळीच आवडलेला नाही, सॉरी. लिकसाठी मराठीत आयता शब्द पडलाय, जीभ. आगीच्या जिभा आपण म्हणतोच की, 'आगीच्या जिभा छपरापर्यंत पोचल्या'. आणि हे काही इंग्रजीवरनं उचललेलं नाही, मुंडकोपनिषदात अग्नीच्या सात जिभा नावानिशी दिल्यात, काली, कराली, मनोजवा वगैरे, म्हणून तर अग्नीला सप्तजिव्ह म्हणतात. चित्रात पण ती जिभेसारखीच असते, बुडाशी गोलसर, मधे फुगलेली आणि टोकाला निमुळती होत वळलेली.

ज्वाला की ज्वाळा तर ज्वाळा. ज्वाला कवितेत किंवा मशालीच्या घोषणेत, बोलताना ळच येतो. बाकीचे शब्द इथे बसत नाहीत. ज्योत देवघरातली, शांत, एकटी. जाळ चुलीतला, 'जाळ कमी कर गं'. लोळ आणि डोंब म्हणजे आवाक्याबाहेर गेलेलं प्रकरण, ते मोजूनमापून बॉनेटवर काढलंय असं वाटतच नाही. ज्वाळाच फक्त अशी आहे जी भडकलेली पण आहे आणि आखलेली पण असू शकते.

शुद्धमती:
जीभ उत्तम. ज्वाळा चालेल. सूक्ष्मरेषांकन मागे घेते, पण ज्वाला चूक नाही एवढं नोंदवून ठेवा.

मिशिगनकर:
कमाल आहात. आता काम कसं चालतं ते थोडं सांगतो म्हणजे अजून शब्द सुचतील. आधी काळा रंग आणि वरचा पारदर्शक थर घासून मंद करतात, नाहीतर वरचा रंग धरत नाही. मग बॉनेटवर मधोमध खूण करून एका बाजूला टेपनं जिभा काढायच्या, ही टेप प्लॅस्टिकची असते म्हणून वळणावर सुरकुती पडत नाही, नेहमीची कागदी टेप तिथे चुरगळते. जमल्या की त्यावर मोठा कागद ठेवून आकार उमटवून घ्यायचा, रेघेवर दात्यांच्या चाकानं बारीक भोकं पाडायची, कागद उलटा करून दुसऱ्या बाजूला धरायचा आणि भुकटीची पुरचुंडी आपटायची, ठिपक्या-ठिपक्यांनी तोच आकार उतरतो. मग ज्वाळेचा भाग सोडून सगळी गाडी कागदानं झाकायची आणि पुढून मागे पिवळा, नारिंगी, टोकांना लाल. ज्वाळांची सगळी मजा पिवळा नेमका कुठे नारिंगी झाला ते दाखवता न येण्यात आहे, हे माझं मत.

शेवटी किनार (वापरायला लागलो बघा!), ती तेलात (गोडं तेल नव्हे हं) कालवलेल्या एनॅमलनं. मासिकाचं गुळगुळीत पान घेतात आणि त्यावर ब्रश मागे-पुढे करत राहतात, रंग केसांत सारखा भिनेपर्यंत. रंग सावकाश वाळतो त्यामुळे रेघ स्वतःच सपाट बसते आणि हात हलला तर थिनरच्या चिंधीनं पुसून पुन्हा ओढता येते.

अडलंय ते दोन ठिकाणी. तो भोकांचा कागद, आणि 'घोस्ट फ्लेम्स', म्हणजे गाडीच्याच रंगात मोत्याची झाक घालून काढलेल्या ज्वाळा, सावलीत दिसतच नाहीत, ऊन पडलं की उमटतात.

काठपदर:
भोकांचा कागद म्हणजे खाका! जरदोजीवाले आजही कापडावर नक्षी अशीच उतरवतात, भोकं पाडलेल्या कागदाला खाका म्हणतात. आपण मराठीत 'योजनेचा खाका' म्हणतो ना, तोच. लेखात अगदी मूळ अर्थानं वापरायची संधी आहे, सोडू नका.

उकडीचा_मोदक:
भूतज्वाळा?

पत्र्याचा_माणूस:
भूत नको, गाडी विकली जाणार नाही 😀 आपल्याकडं जे असून दिसत नाही त्याला चोर लावतात. चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा. चोरज्वाळा म्हणा.

मिशिगनकर:
चोरज्वाळा घेतली!! शीर्षकच करतो. मागच्या भागाला हौदा लिहू ना, की सासूबाईंना हत्तीवरचा वाटेल?

पत्र्याचा_माणूस:
हौदाच. मागं उघडतो तो फाळका. यात बदल करू नका, गावात सगळे तेच म्हणतात.

शुद्धमती:
चोरज्वाळा जोडून लिहा, मधे रेघ नको.