५ गीगाहर्ट्झ बंद करूनही स्मार्ट बल्ब वायफायला जोडला जात नसेल तर
स्मार्ट बल्ब वायफायला जोडला जात नसेल तर राउटरचा ५ गीगाहर्ट्झ बँड (वायफायचा एक फ्रिक्वेन्सी पट्टा) तात्पुरता बंद करा, असा सल्ला दिला जातो. तो योग्यच आहे, कारण बहुतेक बल्बांना फक्त २.४ गीगाहर्ट्झचा बँड कळतो. पण तेवढ्याने भागत नसेल तर राउटरची सिक्युरिटी सेटिंग उघडून बघा. नव्या राउटरवर ती कधीकधी नुसती डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेची नवी पद्धत) असते आणि स्वस्त बल्बांना ती झेपत नाही. पासवर्ड बरोबर असूनही बल्बचं अ‍ॅप अर्ध्यावर अडकून शेवटी 'टाइम आउट' दाखवतं. अशा वेळी जुनी डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा.

दुसरं म्हणजे बल्ब कसा लुकलुकतोय ते नीट बघा. साधारण सेकंदाच्या अंतराने ३ ते ५ वेळा बटण चालू-बंद केलं की बरेच बल्ब रीसेट होतात (नेमका आकडा खोक्यातल्या पत्रकात असतो). अनेक बल्बांत भरभर लुकलुकणं म्हणजे नेहमीची जोडणी आणि सावकाश लुकलुकणं म्हणजे एपी मोड. एपी मोडमध्ये बल्ब स्वतःचंच वायफाय सुरू करतो आणि फोन त्याला जोडावा लागतो. त्या वायफायवर इंटरनेट नसल्यामुळे फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि जोडणी तुटते. म्हणून तेवढ्यापुरता मोबाइल डेटा आणि व्हीपीएन दोन्ही बंद ठेवा. अँड्रॉइडवर अ‍ॅपला लोकेशनची परवानगीही द्या, नाहीतर त्याला आसपासची वायफाय नावं दिसतच नाहीत. आणि भिंतीवरच्या डिमरच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या) लाइनवर असा बल्ब लावूच नका.