मदत हवी आहे: स्टिल्ट पार्किंगमध्ये (इमारतीखाली खांबांमधल्या जागेत) शेजारच्या दाराचे पोचे कसे टाळायचे?

जागा २.५ मीटर रुंद, आत शिरताना उजव्या अंगाला कॉलम २०० मिमी आत आलेला. गाडी १७९० मिमी रुंद. म्हणजे हातात उरतात ५१० मिमी. नाक आत घालून लावली तर ड्रायव्हरला कॉलमकडूनच उतरावं लागतं आणि गाडी आपोआप शेजाऱ्याच्या दाराच्या टप्प्यात सरकते. रिव्हर्स लावून, आरसा मिटून, डावी बाजू कॉलमपासून १०० मिमीवर ठेवली तर शेजाऱ्याकडे ४१० मिमी मिळतात. तरीही पोचे थांबलेले नाहीत, कारण शेजारची एसयूव्ही उंच आहे. तिच्या दाराची कड आपल्या दाराच्या पत्र्यातल्या मधल्या उठावदार रेघेच्या वर आदळते. दाराला कंपनीने लावलेली बीडिंग (संरक्षक) पट्टी त्याच्या बरीच खाली राहते.

चुंबकाच्या फोम पट्ट्यांबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावं. पट्टीखाली धूळ अडकली की रंगावर ओरखडे येतात, हे माहीत आहे. रोज पुसणं कोण करणार! पावसाळ्यात बंद पेशींचा ईव्हीए (रबरासारख्या प्लास्टिकचा) फोम पाणी धरत नाही म्हणतात, पण पांढऱ्या रंगावर काळ्या रबराचा डाग पडतो का? वक्र पत्र्यावर पकड किती टिकते?

दुसरा पर्याय, शेजाऱ्याच्याच दाराला यू आकाराचं एज गार्ड, म्हणजे कडेवर बसणारी पट्टी, बसवून देणं. खर्च आपला, तो तयार आहे. आत स्टीलची पट्टी असलेलं घ्यावं की नुसतं रबरी, चिकटवायचं? स्टीलने कडेचा रंग उडून गंज धरेल अशी शंका आहे.

आणि रंग न फुटलेला, पण रेघेवरच बसलेला पोचा बिनरंगाच्या दुरुस्तीने (पुन्हा रंग न देता पत्रा सरळ करून) पूर्ण निघतो का?