दलाई लामांचा वारस बीजिंगने का ठरवावा?

उत्तररात्र (धागालेखक)

२ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी जाहीर केलं की त्यांच्यानंतरही ही परंपरा चालू राहील आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्याच गादेन फोद्रांग ट्रस्टचा असेल. चीनचं म्हणणं ठरलेलं: उमेदवार मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या सुवर्णकलशात टाकून एक काढा आणि बीजिंगची मंजुरी घ्या. २००७पासून तर तिथे कुठल्याही तुलकूच्या, म्हणजे पुनर्जन्म घेतो असं मानलेल्या लामाच्या, अवताराला सरकारी मान्यता लागते. जो पक्ष स्वतःला निरीश्वरवादी म्हणवतो, त्याने पुनर्जन्मावर शिक्का मारायचा?

या मंजुरीचा अर्थ काय ते १९९५मध्ये दिसलं. दलाई लामांनी गेधुन चोक्यी न्यीमा या सहा वर्षांच्या मुलाला अकरावे पंचेन लामा (दलाई लामांच्या खालोखाल मानाचे धर्मगुरू) म्हणून मान्यता दिली. तीन दिवसांत चीनने त्याला आई-वडिलांसह उचललं. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. नोव्हेंबरमध्ये कलशातून दुसऱ्याच मुलाचं नाव निघालं. पुढच्या दलाई लामांची ओळख पटवताना पंचेन लामांच्या शब्दाला वजन असतं, म्हणून हा खटाटोप.

काळाकातळ

मुलाला गायब करणं हा गुन्हाच आहे, त्यावर वाद नाही. पण तुम्ही ही निव्वळ श्रद्धेची गादी असल्यासारखं मांडताय, ते पटत नाही. 'दलाई' ही पदवी १५७८मध्ये मंगोल अल्तन खानाने दिली आणि चौथा अवतार त्याच्याच घराण्यात सापडला. १६४२मध्ये मंगोल गुश्री खानाच्या फौजेने तिबेटातल्या त्सांग प्रांताचा राजा पाडला, तेव्हा कुठे पाचवे दलाई लामा राज्यकर्ते झाले. मग जोनांग या दुसऱ्या बौद्ध पंथाचे मठ दलाई लामांच्या गेलुग पंथाने घेतले. अकरावे आणि बारावे दलाई लामा तर कलशातूनच निवडले गेले.

शिवाय जुन्या तिबेटात शेतकरी सरदारांच्या नाहीतर मठांच्या जमिनीला बांधलेला होता. १९३४मध्ये राज्यकारभारात बदल मागणाऱ्या लुंगशार या अधिकाऱ्याचे डोळे काढले गेले, आणि ते ल्हासाच्या सरकारने. त्या व्यवस्थेसाठी मला हळहळता येत नाही.

रानवाट

काळाकातळ, लुंगशारबद्दल बरोबर आहात. पण त्यावरून बीजिंगचा हक्क कसा सिद्ध होतो? कलशही १७९३चा, चीनच्या छिंग घराण्यातल्या सम्राटाने घालून दिलेला, आणि तेरावे व चौदावे दलाई लामा त्याच्याशिवायच निवडले गेले.

चीनच्या 'सुधारणा' कशा झाल्या ते दहाव्या पंचेन लामांनी लिहून ठेवलंय. ते १९५९मध्ये दलाई लामा भारतात निघून आल्यावरही चीनबरोबर राहिलेले, सुधारणांच्या बाजूचे. १९६२मध्ये त्यांनी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना सत्तर हजार अक्षरांचं निवेदन दिलं: अडीच हजारांहून जास्त मठांपैकी सत्तरच्या आसपास उरलेत, लोक उपाशी मरताहेत. ही सांस्कृतिक क्रांतीच्या आधीची गोष्ट. पुढे १९६४मध्ये त्यांची जाहीर विटंबना झाली आणि मग त्यांनी कित्येक वर्षं कैदेत काढली. आपल्याच माणसाने खरं सांगितलं तर त्याचं हे केलं.

मोरगावकर

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथली माणसं आपल्या निर्वासित संसदेसाठी आणि सिक्योंगसाठी, म्हणजे त्यांच्या राजकीय प्रमुखासाठी, मत देतात. १९६३च्या त्यांच्या घटनेच्या मसुद्यात दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद होती आणि ती खुद्द दलाई लामांच्या आग्रहाने घातली होती. २०११मध्ये त्यांनी उरलेले राजकीय अधिकारही सोडले. जुनी व्यवस्था तिबेटी माणूस स्वतःच मोडत होता. त्यासाठी रणगाडे लागत नव्हते.

काळाकातळ

१९६३चा मुद्दा वजनदार आहे, मानतो. पण नोर्ग्येलिंगच्या मतदाराला जो हक्क आहे तो ल्हासातल्या माणसाला नाही. त्याच्या वतीने धरमशालेतला एक ट्रस्ट निवड करणार. आणि बाळ सापडून ते मोठं होईपर्यंत वीस वर्षं कोण सांभाळणार? नववे ते बारावे, चारही दलाई लामा पंचविशीच्या आत वारले आणि सत्ता कारभाऱ्यांच्या हाती राहिली. १९४७मध्ये माजी कारभारी रेटिंग रिनपोछे सत्तेच्या भांडणात पोताला राजवाड्याच्या तुरुंगात मेले. ती पोकळी पुन्हा येणार, आणि बीजिंग त्याच क्षणाची वाट बघतंय.

उत्तररात्र

पोकळीची भीती खरी आहे. म्हणूनच २०११चा निर्णय मोलाचा: आता राज्यकारभार एका मुलाच्या वयात येण्यावर अडून राहणार नाही.

ल्हासातल्या माणसाचं मत मात्र आपल्याला कळलेलं आहे. २००९पासून तिबेटात दीडशेहून जास्त लोकांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यात भिक्षू होते, भिक्षुणी होत्या, शाळकरी मुलं होती, आयाही होत्या. त्यांच्यापैकी कितीतरी जण ओरडत होते, 'दलाई लामांना परत येऊ द्या.' ज्यांचा फोटो घरात ठेवणंही तिथे धोक्याचं, त्यांच्यासाठी. यापेक्षा स्पष्ट कौल कुठल्या मतपेटीतून मिळणार होता?

रानवाट

मग आपल्या सरकारने बोलावं. २००३मध्ये आपण तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग म्हणून मान्य केला. जुलै २०२५मध्ये परराष्ट्र मंत्रालय म्हणालं, श्रद्धेच्या बाबतीत सरकार भूमिका घेत नाही. मग निदान एवढं सांगा, की बीजिंगने नेमलेल्या दलाई लामांना भारत मान्यता देणार नाही. सहावे दलाई लामा अरुणाचलातल्या तवांगचे होते. उद्या बीजिंगने नेमलेल्या गादीवरून तवांगवर दावा सांगितला गेला, तर तेव्हा आपण काय उत्तर देणार?