मदत हवी आहे: जुनं जावा ॲपलेट ब्राउझरमध्ये परत कसं चालवू?

मंडळी, अकरावीच्या पोरांसाठी २००४ साली मी लंबकाचं एक जावा ॲपलेट (वेबपानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम) लिहिलं होतं. पानावरची पट्टी सरकवली की जावास्क्रिप्टमधून थेट ॲपलेटचं फंक्शन कॉल व्हायचं आणि दोरी लांबून झोका संथ व्हायचा. क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये ॲपलेट चालवणारं जावा प्लगिन बंद केलं. आता तिथे नुसती मोकळी जागा दिसते.

सोर्स कोड जुन्या हार्डडिस्कबरोबर गेला, हाताशी फक्त जार फाइल, म्हणजे तयार प्रोग्रामचं गाठोडं. जेडीके ८ (जावाचा प्रोग्रामिंग संच) मधल्या, ब्राउझरशिवाय ॲपलेट दाखवणाऱ्या ॲपलेटव्ह्यूअरमध्ये लंबक हलतो, पण तिथे वेबपानच नाही, मग पट्टी कुठली!

चीर्पजे (CheerpJ, प्लगिनशिवाय ब्राउझरमध्ये जावा चालवणारं साधन) वापरून जावास्क्रिप्ट आणि ॲपलेटचं बोलणं कुणी जमवलंय का? की जार डीकंपाइल करून (म्हणजे त्यातून कोड परत काढून) सगळं कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानात जावास्क्रिप्टने चित्र काढायच्या जागेवर, नव्याने लिहू? गणित चार ओळींचं आहे, चित्रकाम तेव्हा कसं केलं होतं देव जाणे.