उलटीची गोळी उलटी व्हायच्या आधी

ताई, केमोच्या दिवशी आई ठीक असते, तिसऱ्या दिवशी मात्र पाणीही टिकत नाही आणि गोळी तुम्ही 'लागली तरच' देता, असं लिहिलंय. मला वाटतं अडचण तिथेच आहे. सिसप्लॅटिनसारख्या केमोच्या औषधाची मळमळ पाचव्या दिवसापर्यंतही रेंगाळते. म्हणून चिठ्ठीत अ‍ॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन ही मळमळ रोखणारी औषधं जितके दिवस लिहिलंय तितके दिवस, बरं वाटत असलं तरी द्यायचं. ऑनडान्सेट्रॉन या उलटीच्या नेहमीच्या औषधाचा जोर मुख्यतः पहिल्या दिवशी. उशिराच्या मळमळीवर ते कमी पडतं. शिवाय त्याने बद्धकोष्ठता होते आणि पोट साफ नसलं की मळमळ आणखी वाढते. हे सहसा कुणी सांगतच नाही!

डॉक्टरांना ओलान्झापिनबद्दल जरूर विचारा. मूळचं मानसिक आजाराचं औषध, त्यामुळे नाव वाचून घरचे दचकतात. पण कमी मात्रेत, रात्री घेतलं की मळमळीवर फार छान चालतं. गुंगी येते, तेव्हा रात्री बाथरूमला जाताना आईसोबत राहा.

पाणी घोटघोट द्या. तरीही दिवसभर काहीच टिकलं नाही, लघवी कमी झाली किंवा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा. केमोच्या पुढच्या सायकलपर्यंत, म्हणजे फेरीपर्यंत, थांबू नका.